उतारावरचा टॉप गिअर

माझे भावोजी मूर्ख होते. हे मी इतकी वर्षं मनात ठेवलं. आता ते नाहीत आणि ताईही नाही, तेव्हा उघड म्हणायला हरकत नाही. साध्या मूर्खाची मला चीड येत नाही. पण दुसऱ्याच्या जिवावर ऐट करणारा आणि वर स्वतःचंच कौतुक करून घेणारा माणूस मला आजही सोसत नाही.

दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराने विकायला काढलेली एक जीप माझ्या वडिलांनी, आप्पांनी, घेतली होती. मागे जोडायचा दोन चाकी ट्रेलरही तिच्याबरोबर आला होता. वाडीतले नारळ आणि सुपारी त्यातून जायची. मी तेव्हा गावच्या शाळेत शिकवत होते, लग्न व्हायचं होतं. जीप मला आप्पांनीच शिकवली. ट्रेलर भरलेला असला की ते एकच गोष्ट बजावत, ‘‘चढ असो की उतार, गिअर आधी टाकायचा. मध्यावर गेल्यावर डोकं खाजवायचं नाही.’’

भावोजी मुंबईत कारकून होते. साहेबाच्या मोटारीत कधीमधी पुढे बसायला मिळालं, तेवढ्यावर ते यंत्रातले जाणकार झाले होते. सुटीत आले की जीपची चावी त्यांच्या खिशात. पहिल्या गिअरला ते ‘बायकी गिअर’ म्हणत आणि म्हणताना माझ्याकडे बघून हसत. घरचे सगळे त्यांच्याबरोबर हसत. जावई ना!

त्या हिवाळ्यात आप्पांनी भात सडायची गिरणी घालायचं ठरवलं. तिचं इंजिन मचव्यातून आगरदांड्याच्या धक्क्यावर उतरलं. सगळं बिडाचं लोखंड. ट्रेलरवर चढवताना माणसांचा घाम निघाला. आप्पांना ताप होता, म्हणून आणायला भावोजी निघाले आणि मी हट्टाने शेजारी बसले. आमच्या वाडीतला एक गडी मागे इंजिनाला टेकून दोर धरून बसला.

खिंडीपर्यंतचा चढ जीपने पहिल्या गिअरमध्ये कण्हत काढला. भावोजी सारखे चुकचुकत होते. माथ्यावर पोचताच त्यांनी टॉप टाकला.

मी म्हटलं, ‘‘भावोजी, इथेच थांबवा. पहिला परत टाका. मागे वजन आहे, ट्रेलरला ब्रेक नाहीत.’’

‘‘उतारावर इंजिनाचं काय काम? पेट्रोल फुकट जाळायचं? तू पोरांना पाढे शिकव,’’ असं म्हणून त्यांनी टॉपही काढला आणि गाडी न्यूट्रलवर नुसती सोडून दिली.

पहिलं वळण गेलं तेव्हा ते गुणगुणत होते. मग मागचा ट्रेलर जीपला ढकलू लागला. त्यांनी ब्रेक दाबला, दाबूनच धरला. जळका वास आला आणि पाय खालपर्यंत जाऊ लागला. आता त्यांना पहिला गिअर आठवला! त्या वेगात तो कसला पडतोय? गिअरबॉक्स नुसता करकरत राहिला आणि या जाणकाराने स्टिअरिंग सोडून दोन्ही हातांनी गिअरची दांडी धरली.

पुढे वळण होतं आणि त्याच्याखाली ओढा. मी हात घालून स्टिअरिंग उजवीकडे ओढलं. तिथे भात कापलेलं शेत होतं. जीप बांधावरून उडाली आणि खाचरात जाऊन बसली. ट्रेलर बांधावरच उलटला. गड्याने उडी मारली होती, पण कडेची फळी त्याच्या पायावर आली.

त्याचं ओरडणं मी अजून विसरले नाही. शेतातली माणसं धावली, त्यांनी ट्रेलर उचलून पाय मोकळा केला आणि तुटलेली जोडणी सोडवली. जीप चालू झाली तेव्हा गड्याला मागे निजवून मी ती मुरुडच्या दवाखान्यात नेली. पहिला गिअर, मग दुसरा, सगळं सावकाश. भावोजी आले नाहीत. त्यांना चक्कर येत होती म्हणे. ते बांधावर बसून विडी ओढत राहिले.

संध्याकाळी मी घरी आले तर आई त्यांची मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढत होती. ‘‘ब्रेक गेले, पण मी प्रसंगावधान राखून गाडी शेतात घातली,’’ हे त्यांचं चाललं होतं. मी खरं काय ते सांगितलं. आई म्हणाली, ‘‘जावयाला असं बोलतात?’’ ताईने मान खाली घातली.

आप्पांनी एवढंच विचारलं, ‘‘गिअर कुठला होता?’’

‘‘टॉप! म्हणून तर ताबा राहिला,’’ भावोजी म्हणाले.

आप्पा उठून आत गेले. त्यांनीही पुढे तोंड उघडलं नाही. त्याबद्दल मी त्यांना पुरतं माफ केलेलं नाही.

मी गड्याला भेटायला गेले तेव्हा तो म्हणाला, ‘‘जावईबापू येऊन गेले. मीच वाचवलं म्हनत व्हते.’’

‘‘त्यांनी नाही वाचवलं.’’

‘‘ठावं हाय मला. मागं बसलो व्हतो न्हवं, समदं दिसत व्हतं. पर ते दारात आले, त्यांना काय बोलू?’’

पाय जुळला तो वाकडाच. नांगर त्याला पुन्हा धरता आला नाही. आप्पांनी त्याला गिरणीवर बसवलं आणि एवढ्यानेच सगळं भरून निघालं असं घरातले धरून चालले. ट्रेलरची जोडणी दुरुस्त झाल्यावर इंजिन शेतातून घरी मी आणलं, पहिल्या गिअरमध्ये, चार चाकांना जोर देऊन, माणूस चालेल त्या गतीने. त्या खेपेची गोष्ट कुणी कधी सांगितली नाही.

गिरणी सुरू झाली त्या दिवशी नारळ फोडायला मुंबईहून जावई आले. त्यांना फेटाही बांधला होता.