हवाई टॅक्सीच्या अर्जातलं एक वाक्य

पत्नी गेल्यानंतर दोन महिन्यांनी आमच्या बोरगाव मेघेच्या वसाहतीत हवाई टॅक्सीची गोष्ट आली. एका कंपनीच्या माणसानं मंदिराच्या सभामंडपात पडदा लावून चित्रं दाखवली. चार माणसं बसतील असं विजेवर चालणारं यान, जागच्या जागी सरळ वर उठणारं. बोरगावहून शहरापलीकडच्या मोठ्या दवाखान्यात काही मिनिटांत. त्यासाठी त्याला आमचं मोकळं मैदान हवं होतं.

मी ग्रंथपाल होतो. छापलेल्यावरही लगेच विश्वास ठेवायची मला सवय नाही, हे तर पडद्यावरचं. त्या आभाळात एकही विजेची तार नव्हती, संक्रांतीचा मांजा नव्हता. मे महिन्याच्या उन्हात बॅटरी किती टिकेल, असं मी विचारलं. चांगला प्रश्न आहे, असं म्हणून त्यानं पुढचं चित्र लावलं. उतरताना उडणारी धूळ कोणाच्या घरात जाईल, हाही चांगलाच प्रश्न ठरला.

चार दिवसांनी वसाहतीचे सचिव एक अर्ज घेऊन घरी आले. हे निवृत्त कारकून, आमचे शेजारी. मैदान द्यायला रहिवाशांची संमती आहे, असा तो अर्ज. खाली एकही सही नव्हती. पहिली माझी हवी होती. दुःखातला माणूस वाचत बसत नाही म्हणून आधी माझ्याकडे आले असावेत, अशी मला शंका आली. मी चष्मा लावला.

"वाचून काऊन राह्यले, सर? तुमी केली तं बाकीचे डोळे मिटून करतेत."

तिसऱ्या परिच्छेदात माझी पत्नी होती. नाव नव्हतं. 'येथील एका शिक्षिकेस वाहतूक कोंडीमुळे वेळेत उपचार न मिळाल्याने प्राणास मुकावे लागले.'

हे कोणी लिहायला लावलं, असं मी विचारलं. माझा संशय कंपनीच्या माणसावर होता. सचिव गोंधळले.

"तुमीच तं सांगतलं होतं, सर. तेरवीले."

सांगितलं होतं. भेटायला येणारा प्रत्येक जण कसं झालं ते विचारायचा आणि मी म्हणायचो, रस्त्यात वेळ गेला. इतक्यांदा म्हटल्यावर ते मलाही खरं वाटू लागलं होतं.

त्या दुपारी रस्ता रिकामा होता. तिच्या छातीत जळजळत होतं. आम्ही दोघांनी ते पित्त समजलं. मी तिला ओवा दिला, पडून राहा म्हटलं. घाम फुटला तेव्हा ऑटो बोलावला. तो फाटकाशी येऊन उभा राहिला आणि ती पातळ बदलायला आत गेली. घरातल्या गाऊनवर दवाखान्यात जायचं नाही, ही तिची रीत. तिला अडवायचं सोडून मी जुन्या तपासण्यांची फाइल शोधत बसलो, कारण फाइलशिवाय गेलं की डॉक्टर रागावतात. ऑटोवाल्यानं दोनदा हॉर्न दिला. मैदानात यान उभं असतं, तर आम्ही त्यालाही तसंच थांबवलं असतं.

मी पेन घेऊन ते वाक्य खोडलं.

"सर, हे काढलं तं अर्जात राह्यते काय?"

मग मी त्यांना ती दुपार सांगितली, ऑटो किती वेळ उभा होता तेही. तोवर कोणालाच सांगितली नव्हती. ते खाली बघत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "आमच्या घरीबी ओवाच देतेत."

अर्जाची घडी करून त्यांनी ती खिशात ठेवली. सही मागितली नाही, मी केली नाही. जाताना पायरीवर थांबून त्यांनी विचारलं, वसाहतीत कोणी वहिनींचं विचारलं तर काय सांगायचं. हेच सांगा, असं मी म्हणालो.