बोअरचं पाणी

कोन गावातली जमीन गोदामवाल्यांना विकून आम्ही नारपोलीत फ्लॅट घ्यायला निघालो, तेव्हा बाबांनी एवढंच विचारलं, "पानी कसा हाय?" दलाल म्हणाला, चोवीस तास. ते बोअरचं होतं, हे राहायला आल्यावर कळलं. महापालिकेचं पाणी वरच्या मजल्यावर पोचतच नसे.

महिन्याभरात नळाच्या तोंडाशी पांढरे खडे धरले. डाळ शिजेना. पातेल्याच्या बुडाशी जमलेला थर मी लिंबू लावून घासायची, आठवड्यात तो पुन्हा तयार. फिल्टर बसवला, तोही क्षाराने बुजला. बाबांनी एक घोट घेतला आणि तांब्या खाली ठेवला. "नुसता चुना हाय."

मग ते पाणीच कमी पिऊ लागले. मी शाळेत शिकवून संध्याकाळी घरी यायची, तर सकाळी भरलेला तांब्या तसाच.

"बाबा, लहान मूल आहात का तुम्ही?" मी ओरडायची. ते भिंतीकडे बघत बसायचे.

एका रविवारी मी कॅन घेऊन कोनला गेले. आमची विहीर बुजवून वर गोदामाची फरशी केली होती, त्यावर खोके रचलेले. चुलतीच्या नळावर कॅन भरला आणि घरी येऊन सांगितलं, "आपल्या विहिरीचं आहे." बाबांनी अख्खा पेला रिकामा केला. मला बरं वाटलं.

"हीर तर बुजवली ना गो?" ते हळूच म्हणाले.

त्यानंतर मी कॅन आणला नाही.

दोन वर्षांनी त्यांचे पाय सुजले. तपासण्या झाल्या. मूत्रपिंडं जवळजवळ निकामी झाली होती. मी डॉक्टरांना पाण्यातल्या क्षाराबद्दल विचारलं. ते म्हणाले, "नुसत्या क्षाराला दोष देता येणार नाही. पण तुमचे वडील पाणी फार कमी प्यायचे का?"

मी "हो" म्हणाले. ही दोन वर्षं मी फक्त ओरडत होते.

आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं आणि दिवसाचं पाणी मोजून द्यावं लागतं. काल भर दुपारी त्यांनी हाक मारली. दिवसाचं पाणी आधीच संपलं होतं.

"बोअरचा दे, कुठचाबी दे, पन दे गो."

मी बर्फाचा लहान खडा त्यांच्या जिभेवर ठेवला. तो विरघळेपर्यंत ते डोळे मिटून पडले होते. मग त्यांनी पुन्हा हात पुढे केला.

"न्हाय म्हनतेस?"

"नाही, बाबा," मी म्हणाले, आणि उशाशी ठेवलेला रिकामा पेला उचलून आत नेला.