पंधरावी जागा

सगळे तिला ताई म्हणायचे. धाकट्या बहिणीनं दिलेलं हे नाव आधी शेजारात पसरलं, मग मैदानावर गेलं, आणि ती देशाच्या महिला संघात विकेटकीपर म्हणून उभी राहायला लागली तेव्हा तिच्याहून वयानं मोठ्या बायकाही तिला ताईच म्हणू लागल्या. खेळ सुटला तोवर तिच्या हातांची बोटं वाकडीतिकडी होऊन बसली होती. त्याच बोटांत शिट्टी धरून ती एका शाळेत खेळाच्या बाई म्हणून काम करायची. तिला संघाच्या निवड समितीवर घेतलं त्या दिवशी शाळेत टाळ्या वाजल्या, हारतुरे झाले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत नळावरच्या मुलांच्या रांगा मात्र तिलाच लावाव्या लागल्या.

घर तिघांचं. बाबा, ताई आणि धाकटी. बाबा जळालेल्या विजेच्या मोटारी आणि पंखे दुरुस्त करायचे. दुकान घराला चिकटूनच होतं, त्यामुळे तांब्याच्या तारा आणि व्हार्निशचा वास स्वयंपाकघरापर्यंत यायचा. आई गेली तेव्हा धाकटी शाळेतही जात नव्हती. तिच्या वेण्या ताईनं घातल्या, डबे ताईनं भरले, तापात उशाशी ताई बसली. आणि दुकानामागच्या बोळात तिच्या हातात बॅटही ताईनंच दिली. पोर एवढीशी, बॅट जवळजवळ तिच्या छातीला लागायची, म्हणून बोळातली मुलं तिला चिमणी म्हणायला लागली. चिमणी मारायची, ताई बॉल आणायला पळायची, आणि काच फुटली की दोघींच्या वतीनं बाबा शेजाऱ्यांपुढे हात जोडायचे.

ही चिमणी पुढे देशासाठी सलामीला खेळली. वनडेत पहिल्या ओव्हरपासून गोलंदाजाच्या अंगावर जाणारी म्हणून तिचा दबदबा होता. काही वर्षं दोघी बहिणी एकाच संघात होत्या. ताईनं ग्लोव्हज उतरवले, चिमणी खेळत राहिली. वीज कंपनीत खेळाडू म्हणून लागलेली तिची नोकरी होती, पण टेबलावर ती क्वचितच दिसायची.

विश्वचषकाच्या आदल्या हंगामात ती एकदा दिव्याखालच्या मॅचमध्ये विचित्र आउट झाली. सरळ स्टंपवर येणारा बॉल तिनं बॅट वर उचलून सोडून दिला. लोक हसले. घरी आल्यावर ती जेवली नाही, दुकानातल्या स्टुलावर जाऊन बसली. बाबा झोपायला गेल्यावर ताई तिच्याजवळ गेली.

"काय झालं गं? डोकं कुठं होतं तुझं?"

"डोकं ठिकाणावर होतं. डोळे नव्हते." चिमणीनं तिच्याकडे बघितलं नाही. "बॉल हातातून सुटताना दिसतच नाही, ताई. मधेच कुठंतरी उगवतो."

ती डॉक्टरकडेही जाऊन आली होती, एकटीच. डोळ्याच्या पडद्याचा आजार. हळूहळू वाढणारा. उजेडात फारसं जाणवत नाही, अंधार पडला की दगा देतो. चष्म्यानं भागण्यासारखं नव्हतं आणि ऑपरेशनही नव्हतं.

"कुणाला बोलायचं नाही," चिमणी म्हणाली. "बाबांनापण नाही. हा एक वर्ल्ड कप खेळते. मग माझी मीच थांबते. शब्द दे."

ताईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "दिला."

संघ निवडायला समिती बसली ती खोली लांबट होती आणि एसी इतका गार, की अध्यक्षबाई शाल पांघरून बसल्या होत्या. आपल्या काळात त्या फिरकी टाकायच्या, आणि माणसं ओळखण्यातही त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. फोन बाहेर जमा झाले. बहुतेक नावं झटपट उरकली. कॅप्टन, दोन्ही वेगवान गोलंदाज, मधली फळी यांच्याबद्दल कुणी तोंडही उघडलं नाही. मग घासाघीस सुरू झाली. खेळपट्ट्या संथ असतील तर तिसरी फिरकीवाली हवी की फलंदाजी करू शकणारी वेगवान गोलंदाज? दुसरी विकेटकीपर न्यायचीच का? चहाचे कप आले आणि गेले. शेवटी एक जागा राहिली, पंधरावी, जादा सलामीवीराची. तिच्यासाठी दोन नावं होती. एक चिमणी. दुसरी एक कोवळी डावखुरी, जिनं त्या वर्षी धावांचा नुसता पाऊस पाडला होता, पण मोठ्या मैदानाची हवा तिला लागलेली नव्हती.

ताई उठली. घरच्या माणसाचं नाव चर्चेला आलं की बाहेर जायचं, असा नियमच होता. कॉरिडॉरमध्ये बाकावर ती बसली. आतून आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. देवाच्या कृपेनं आपल्याला यात बोलावं लागणार नाही, एवढंच ती मनाशी म्हणत होती. तेवढ्यात दार उघडलं आणि तिला आत बोलावलं.

"दोघं इकडे, दोघं तिकडे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "मत तुला देता येणार नाही, ते मी मागतही नाही. फक्त एक सांग. पहिल्या दोघी सलामीवीरांपैकी कुणाला लागलं, तर नव्या बॉलपुढे तुझी बहीणच उभी राहणार. तिच्या खेळाबद्दल आम्हाला ठाऊक नाही असं काही आहे का?"

मला विचारू नका, असं म्हणता आलं असतं. ताईनं तोंड उघडलं ते तेवढंच म्हणायला. पण तिच्या डोळ्यांपुढे भलतंच उभं राहिलं. ती स्टंपमागे असताना एकदा एका मुलीच्या कानशिलावर उसळता बॉल बसला होता. ती मुलगी पडताना ओरडलीसुद्धा नव्हती. आवाज झाला होता तो बॉलचा. ती मुलगी वाचली, पण पुन्हा खेळली नाही, आणि बोलताना तिचे शब्द अडखळायचे ते कायमचेच. त्या मुलीच्या जागी ताईला चिमणी दिसली.

"दिव्याखाली तिला बॉल दिसत नाही," ती म्हणाली.

शेजारच्या सभासदानं ताईच्या पुढ्यात पाण्याचा ग्लास सरकवला. अध्यक्षबाईंनी पेनाला टोपण लावलं.

"उद्या दुपारी नावं जाहीर होतील. तोवर यातला एक शब्द या खोलीबाहेर जाता कामा नये. घरीसुद्धा नाही. चालेल?"

सगळ्यांबरोबर ताईनंही मान हलवली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा चिमणी ओट्यापाशी उभी होती. एरवी तिला गॅस पेटवायचाही कंटाळा.

"आज जेवण माझ्या हातचं," ती म्हणाली. "निवड समितीला लाच!"

बाबा हसले. त्यांना अलीकडे कमी ऐकू यायचं, पण लाच हा शब्द बरोबर ऐकू आला. ताईही हसली. भाजीत मीठ जास्त झालं होतं. ती मुकाट्यानं जेवत राहिली.

"तुझ्या तोंडाकडे मी बघतच नाही बघ," चिमणी म्हणाली. "उगाच काहीतरी ओळखायची. तू सांगू शकत नाहीस, मला माहितेय. मी विचारणार नाही."

आणि तिनं खरंच विचारलं नाही. भांडी घासताना ती गुणगुणत होती. शेजारी उभं राहून ताई ताटं पुसत होती. शब्द ओठांपर्यंत यायचा, आणि ती पुढचं ताट उचलायची. सकाळी सांगू, असं तिनं ठरवलं. सकाळी चिमणी पळायला गेली होती. शाळेतून फोन करू, असं ठरवलं. शाळेत फोन हातात घेतला, नाव काढलं, आणि परत खिशात टाकला. मन घट्ट होईना.

दुपारी शिक्षकांच्या खोलीत टीव्ही लावला गेला. नावं वाचली गेली. मग एका पत्रकारानं अध्यक्षबाईंना विचारलं, इतक्या अनुभवी सलामीवीराला का वगळलं? अध्यक्षबाई क्षणभर विचार करून म्हणाल्या, "दिव्याच्या प्रकाशात तिच्या नजरेची अडचण आहे. समितीकडे तशी खात्रीची माहिती आहे."

हे त्या बाहेर बोलतील असं ताईच्या स्वप्नातही आलं नव्हतं. खोलीतल्या सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. ती उठली आणि पर्सही न घेता बाहेर पडली.

चिमणी दुकानात होती. बाबांनी टीव्ही बंद केला होता आणि हातात एक पंख्याची मोटार धरून ते नुसते बसले होते.

"तू सांगितलंस," चिमणी म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"तुला लागलं असतं चिमणे. डोक्याला लागलं असतं. मला दुसरं काही सुचलं नाही."

"बरोबर केलंस. मला नव्हतंच घ्यायला पाहिजे." ती थांबली. "पण काल मी इथंच होते ना? तुझ्या शेजारी भांडी घासत होते. एका शब्दानं बोलली असतीस, तर मी स्वतः फोन केला असता. सांगितलं असतं, मी येत नाही, माझं नाव काढा. माझ्या तोंडानं गेले असते गं मी. आता सगळ्या देशाला कळलं, की ही आंधळी होत चाललीय आणि लपवून खेळत होती."

"बाहेर बोलायचं नाही असं मी कबूल केलं होतं."

"मलाही कबूल केलं होतंस. माझा शब्द मोडलास आणि त्यांचा पाळलास."

ताई दुकानातून घरात गेली.

महिन्याभरात चिमणीनं दुसऱ्या शहरात बदली मागून घेतली. आता ती खरोखरच टेबलावर बसायची, आणि सकाळच्या उजेडात लहान मुलींना खेळायला शिकवायची. ताईचा फोन तिनं कधी उचलला नाही. विश्वचषकात त्या डावखुरीला दोन मॅच मिळाल्या. एकीत ती झकास खेळली, दुसरीत पहिल्याच बॉलला गेली, आणि संघ उपांत्य फेरीत हरून परत आला. निवड चुकली असं कुणाला म्हणता आलं नाही आणि बरोबर होती असंही कुणी म्हणालं नाही. ताईनं मुदत संपेपर्यंत समितीत काम केलं. पुन्हा बोलावणं आलं तेव्हा शाळेचं काम वाढलंय असं सांगून तिनं हात वर केले.

मधल्या मधे बाबांची ओढाताण झाली. चिमणीचा फोन यायचा तो बाबांना, आणि नेमका ताई शाळेत असताना. संध्याकाळी बाबा मोठ्या आवाजात सांगायचे, "तिनं विचारलंय हो तुझं. बोटं दुखतात का म्हणत होती." ताई मान डोलवायची. दर वेळी ती बोटं चोळून बघायची, आणि म्हणायची, "सांगा, बरी आहेत."

अशी कितीतरी वर्षं गेली. मग थंडीच्या दिवसांत बाबांच्या छातीत कफ झाला तो हटेना. चिमणी आली ती थेट हॉस्पिटलमध्ये. काळ्या काचांचा चष्मा, आणि जिन्यात कठड्यावरचा हात सुटू न देता चढण्याची नवी सवय. ताईनं हे वरून बघितलं. खाली जाऊन हात द्यावा का, तिला कळेना. चिमणी आपली आपणच वर आली, ताईकडे बघून म्हणाली, "कसे आहेत?" इतक्या वर्षांनी तिच्या तोंडून आलेला तो पहिला शब्द.

बाबा चार दिवसांनी गेले. लोक येऊन गेले, घर रिकामं झालं. दोघी दुकानात बसल्या होत्या, कारण घरात बसवत नव्हतं. अर्धवट राहिलेल्या मोटारी कुणाच्या कुणाला द्यायच्या, हे ठरवायचं होतं.

"बाबा सांगायचे, तू माझ्या बोटांची चौकशी करतेस," ताई म्हणाली.

चिमणीनं वर बघितलं. "मी? मी कधीच नाही विचारलं. मला ते सांगायचे, ताईनं तुझ्या डोळ्यांचं विचारलंय."

"विचारायची माझी छाती झाली नाही."

आधी चिमणीला हसू फुटलं, मग ताईला. म्हातारा इतकी वर्षं दोघींनाही सफाईनं फसवत होता. हसता हसता चिमणीनं चष्मा काढला आणि तोंड पदराआड करावं तसं दोन्ही हातांआड केलं. ताई तिच्याजवळ सरकली, पण तिला हात लावला नाही.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "सांगायला हवं होतं. त्या संध्याकाळी."

"हो," चिमणी म्हणाली. तिनं नाक पुसलं. "माफ केलं असं म्हणायला मला जमत नाही, ताई. प्रयत्न करून बघितलाय."

"नको म्हणूस."

आठवडाभर राहून, दुकान आवरून चिमणी परत गेली. दुकानाचं शटर आता खाली असतं, आणि घरात व्हार्निशचा वास कमी कमी होत चाललाय. रविवारी सकाळी तिचा फोन येतो. ख्यालीखुशाली दोन वाक्यांत आटोपते. मग संघ जाहीर झालेला असला, की ती विचारते, "बघितलास का? तिसरी फिरकीवाली कशाला घेतलीय?" ताई म्हणते, खेळपट्टी संथ असेल. चिमणी म्हणते, कुणी सांगितलं. दोघी वाद घालतात, अकरा जणी ठरवतात, कुणाला बसवायचं त्यावर अडतात. चिमणीला आता मॅच दिसत नाही, ती ऐकते, त्यामुळे मधेच ताईला सांगावं लागतं, कोण कुठं उभी होती ते. ताई सगळं नीट सांगते. त्या वर्षाच्या संघाबद्दल मात्र दोघी कधीच बोलत नाहीत. बोलणं त्या बाजूला वळायला लागलं, की दोघींपैकी एक जण म्हणते, "बरं, ठेवते आता," आणि फोन बंद होतो.