बावन्नाव्या पानावरची पोरगी

मंडळी, मागच्या आठवड्यात मी इथं ज्या हेरकथेचं तोंड भरून कौतुक केलं होतं, तिच्यावर आज दुपारी आमच्या आष्टीच्या वाचन मंडळात चर्चा झाली.

सगळ्यांचं मत एकच. लई वेगवान, हातातून खाली ठेववत नाही. मी मान डोलावत होतो.

मग शिवणकाम करणाऱ्या मंदाताई बोलल्या. एरवी त्या नुसत्या ऐकतात.

"सर, बावन्नाव्या पानावर तो हेर लेकीला शेजारणीकडं ठेवून जातो. पुढं ती कुठंच येत न्हाई. मला वाटलं, वाचनालयाचं पुस्तक हाय, मधली पानं फाटली असतील. म्हणून मोजली. पानं सगळी हायती."

मी हसून म्हणालो, "ताई, गोष्ट देशाची आहे. पोरीची नाही."

त्या म्हणाल्या, "दसरा झाला की माझे आई-बाप ऊसतोडीला जायचे. मला चुलतीकडं ठेवायचे. उन्हाळ्यापर्यंत मी रोज फाट्यावर जाऊन बसायचे. म्हणून शोधत होते तिला."



घरी येऊन मी माझी ती पोस्ट पुन्हा वाचली. त्यात हेराच्या पिस्तुलाचं नाव आहे, गाडीचं आहे, त्यानं ओलांडलेल्या प्रत्येक सरहद्दीचं आहे.

तुमच्यापैकी काहींनी माझ्या सांगण्यावरून ते पुस्तक वाचलं. त्या पोरीचं नाव कुणाला आठवतंय का?

मला आत्ता पुस्तक उघडून बघावं लागलं.