लाल बांगडीचा कॅन

राजूरची ती बाई पहिल्या दिवशी कामाला आली तेव्हा तिच्या हातात रबरी हातमोजे होते, स्वतःच्या पैशानं आणलेले. त्याच क्षणी ती माझ्या डोळ्यांत सलायला लागली.

जालन्यातल्या एका मंगल कार्यालयात मी साफसफाईला आहे. आम्ही बाया एकमेकींना गावावरूनच ओळखतो. मी जाफराबादची, पण वयानं मोठी म्हणून सगळ्यांची मावशी. सामानाच्या खोलीची चावी माझ्या कमरेला असते आणि तिचा मला भलता तोरा. फिनेल, फरशीचं ऍसिड, साबणाचं पाणी, सगळं हातगाडीवाल्याकडून सुटं यायचं, एकसारख्या पांढऱ्या कॅनमधून. चिठ्ठी नाही की खूण नाही. मी झाकण उघडून वास घ्यायची आणि कशात काय आहे ते सांगायची. कार्यालयाचे मालक शेठजी चारचौघांत माझ्या नाकाचं कौतुक करायचे.

ते नाक साथीच्या तापात गेलं, ते परत आलंच नाही. हे मी कुणाला सांगितलं नाही. कोणता कॅन कुठं ठेवलाय ते पाठ करून दिवस काढत होते.

राजूरची आधी एका दवाखान्यात झाडलोट करायची. तिथलं शिकून आली होती आणि इथं आम्हाला शिकवत होती. हातमोजे घाला, खिडकी उघडा, ऍसिड आणि ब्लीचिंग पावडर एका जागी येऊ देऊ नका, विषारी धूर होतो. एक दिवस तिनं कॅनच्या जागा बदलल्या आणि प्रत्येकाच्या तोंडाला प्लास्टिकची बांगडी अडकवली. ऍसिडला लाल, साबणाला हिरवी, फिनेलला पिवळी. शेठजी बघून खूश. म्हणाले, "वा! आता वास घ्यायची भानगडच नको. पुढच्या महिन्यापासून चावी हिच्याकडंच देऊ."

माझा नुसता जळफळाट झाला. इतकी वर्षं मी वाकून फरश्या घासल्या, आणि ही कालची बाई बांगड्या लावून चावी नेणार! त्यात तिचा मला आधीचाही राग होता. ती कामाला लागली त्याच आठवड्यात एका लग्नात उरलेली बासुंदी मी तिला वाटीभर वाढली होती. तिनं ती माझ्याकडं पाठ करून मोरीत ओतली. माझ्या हातचं खायला लाज वाटते हिला, असं मी मनात धरलं.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी आले आणि तिन्ही बांगड्या काढून माझ्या पिशवीत टाकल्या. बांगड्यांवाचूनही काम होतं, हे मला सगळ्यांना दाखवायचं होतं. न्हाणीघरात ब्लीचिंग पावडर टाकून ठेवली होती. तिच्यावर साबणाचं पाणी ओतायला मी कॅन उचलला, साबणाच्या जुन्या जागेवरचा; तिनं जागा बदलल्यात हे घाईत विसरलेच. झाकण उघडून सवयीनं नाकाशीही नेला. नाकाला काहीच कळलं नाही. ओतला, आणि खालून फसफस झाली. डोळ्यांत आग उठली, छातीत श्वास अडकला. दार कुठं आहे तेही दिसेना.

"मावशी, जल्दी भाईर!" तोंडाला पदर बांधून राजूरचीनं मला दंडाला धरून ओढलं. अंगणातल्या नळाखाली तिनं माझे डोळे कितीतरी वेळ धुतले. मग रिक्षा करून दवाखान्यात नेलं. तिथं आधार कार्ड मागितलं, म्हणून तिनं माझी पिशवी उघडली. मी नळी लावून पडले होते, पण तिचा हात पिशवीत थबकलेला मला दिसला.

संध्याकाळी शेठजी आले. "कॅनवर बांगडी का नव्हती?"

"धुवायला काढल्त्या, शेठजी. लावायच्या राह्यल्या. माझीच चूक हाये."

शेठजी तिला नको नको ते बोलले. चावी मावशीकडंच राहील, असंही सांगून गेले. ते बोलत असताना मी पिशवी हळूच उशाखाली सरकवली.

ते गेल्यावर ती खाटेशी बसली. "मावशी, तुमाला वास येत न्हाई ना?"

मी भिंतीकडं तोंड केलं.

"बासुंदी नासल्ती. पातेलं उघडल्याबरोबर आंबूस वास आला, अन् तुमी तर कौतुकानं वाढून राह्यल्त्या. तवाच कळलं मला. चारचौघांत तुमाला खाली बघायला लागंल, म्हणून बोलले न्हाई. तुमच्यासाठीच लावल्त्या बांगड्या."

मला रडू आलं. पण खरं सांगायचं तर त्या रडण्यातही हेवा होता. एवढं मोठं मन हिलाच का असावं?

"बांगड्या द्या," ती म्हणाली. "उद्या लगीन हाये, कॅनला लावायला लागतील."

मी उशाची पिशवी ओढून तिन्ही बांगड्या तिच्या हातावर ठेवल्या. चावीही द्यायला हवी होती, ते मला कळत होतं. दिली नाही.