खांबापर्यंत आलेली वायर

हसनाबादच्या बौद्ध वस्तीतील सत्यशीलाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्या, त्याला बराच काळ लोटला होता. यंदा त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. शस्त्रक्रिया झाली, पण एकटीने वावरणे अवघड होऊन बसले. म्हणून त्यांची एकुलती कन्या मोनाली पुण्यातील नोकरीसह घरी परतली. कंपनीने एकच अट घातली होती: महिनाभर गावाहून काम करून दाखवावे, परदेशी ग्राहकांबरोबरच्या सायंकाळच्या बैठका खंडित होऊ लागल्या, तर निमूटपणे पुण्यास यावे.

मोनालीने गावात मिळणाऱ्या दोन्ही इंटरनेट सेवा पारखून पाहिल्या. टॉवरवरून हवेतून येणाऱ्या सेवेचा डाउनलोड बरा होता. अपलोड मात्र तोकडा, आणि बैठकीत आपला आवाज व चेहरा पलीकडे पोहोचतो तो अपलोडवरच. काचेच्या तंतूंतून येणाऱ्या वायरचा वेग दोन्ही दिशांना सारखाच होता, शंभर एमबीपीएस. ती वायर पुरविणारे अंगदभाऊ बाजारात दुकान थाटून बसलेले. मोनालीने वायर मागताच त्यांनी दूरच्या वळणावरचा खांब दाखविला.

"आपली लाईन त्या खांबापर्यंत, ताई. तुमच्या वस्तीतून मागणीच न्हाई. तिकडं घेऊन राह्यलंय कोण?"

त्याच खांबावरून वीज वस्तीत जाते, हे मोनालीने त्यांच्या निदर्शनास आणून दिले. अंगदभाऊ हसले आणि पुण्याच्या माणसांना काय, मोबाइलवरही भागते, असे म्हणून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. मागणी न्हाई! ती मागणी करायलाच तर समोर उभी होती. त्या हसण्याने तिच्या कानशिलांशी जो जाळ उठला, तो घरी पोहोचेपर्यंत विझला नाही.

अखेर छतावर हवेच्या सेवेचा पांढरा डबा बसला. सकाळी सारे सुरळीत चाले. दिवस कलला की बैठकीत मोनालीचा आवाज तुटू लागे, चेहरा पडद्यावर थिजून जाई. तुमच्या गावात इंटरनेटसुद्धा तिन्हीसांजेला गुरांबरोबर गोठ्यात जाते काय, असे पुण्याच्या साहेबांनी सर्वांदेखत विचारले. बैठकीतील माणसे हसली. यापुढे एकदा जरी संपर्क तुटला तरी पुण्याला यावे लागेल, असेही त्यांनी बजावले. मोनालीने इंटरनेट कंपनीच्या माणसाला फोनवर धारेवर धरले; टॉवरवर गर्दी आहे, एवढेच तो सांगत राहिला.

त्या रागातच ती डबा तपासायला छतावर चढली आणि तिची नजर खाली गेली. कुंपणाच्या भिंतीला टेकून वस्तीतील मुली मोबाइलवर परीक्षेचे धडे पाहत होत्या. शेजारच्या केशरबाई गुजरातेत ऊसतोडीला गेलेल्या लेकाशी व्हिडिओवर बोलत होत्या. आणि सत्यशीलाबाई चाचपडत, तांब्या घेऊन, प्रत्येकीला पाणी देत होत्या.

मोनाली धाडधाड जिना उतरली. पासवर्ड कुणाकुणाला दिला, असे तिने विचारले.

"मागितला त्याला दिला," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

"आई, माझी नोकरी जाऊन राह्यली अन् तू वाटत बसलीस?"

सत्यशीलाबाईंनी तांब्या खाली ठेवला. या घराने बोअर घेतली तेव्हा तिचा नळ त्यांनी कुंपणाबाहेर बसविला होता. कुणालाही विचारावे लागू नये म्हणून. इंटरनेटलाही त्यांनी तोच नियम लावला होता. या डब्याची धार किती बारीक आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते.

"माझी आई घागर घेऊन आडाजवळ उभी राहायची," त्या म्हणाल्या. "वरून कुणी ओतलं तर आमच्या घरी पाणी. माझ्या दारात आलेल्याला मी न्हाई म्हणू, मोना?"

मोनालीला आईवर ओरडायचे होते. शब्द ओठांवर आले होते. पण तिची दृष्टी दूरच्या त्या खांबावर गेली, आणि राग आपले खरे ठिकाण ओळखून तिकडे वळला. शंभरची वायर साऱ्या भिंतीला पुरली असती.

दुसऱ्या दिवशी सायंकाळच्या बैठकीपूर्वी ती, बसायला मागावे लागू नये म्हणून घरची खुर्ची घेऊन, अंगदभाऊंच्या दुकानात जाऊन बसली. घेण्याआधी लाईन पारखायची आहे, असे तिने सांगितले. भरल्या दुकानात गिऱ्हाइकाला अंगदभाऊ नाही कसे म्हणणार? बैठक अखंड पार पडली. अंगदभाऊंची छाती फुगली.

"बघा ताई, कशी पळून राह्यली."

मोनालीने लॅपटॉप मिटला. "लाईन चांगली आहे, अंगदभाऊ. मंग त्या खांबापुढं वाईट काय आहे, ते सांगा."

मागणी, असे काहीतरी अंगदभाऊ पुटपुटले. मोनालीने दाराकडे हात केला. तिथे केशरबाई आणि भिंतीजवळच्या त्या मुली उभ्या होत्या.

"ही मागणी. मोजून घ्या."

त्या आठवड्यातच वायर वस्तीत आली. शिडी घेऊन स्वतः अंगदभाऊ आले होते. जोडणी झाली, वेग दोन्ही दिशांना शंभर भरला, आणि मोनालीचे पुण्याला जाणे टळले. सत्यशीलाबाईंनी रिवाजाप्रमाणे पाण्याचा पेला पुढे केला. बाहेर ऊन रणरणत होते, अंगदभाऊंचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

"आताच पिऊन आल्तो, बाई," ते म्हणाले आणि शिडी आवरू लागले.

बाईंनी भिंतीवर ठेवलेला पेला तसाच भरलेला राहिला. सत्यशीलाबाईंना अंधुक दिसत होते. हे मात्र त्यांना स्वच्छ दिसले, कारण हे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. मोनालीच्या कानशिलांशी तोच जाळ पुन्हा उठला. जाता जाता अंगदभाऊंनी विचारले, बराबर चालून राह्यलं ना?

"लाईन चांगली आहे, अंगदभाऊ," मोनाली म्हणाली, आणि दुकानात विचारलेले पुढचे वाक्य यावेळी तिने उच्चारले नाही. ती त्यांच्याकडे पाहत राहिली, त्यांची मान खाली जाईपर्यंत.