ज्यानं ब्रेक बसवला, त्यानं रेघेवर उभं राहायचं

ब्रेक लागला की घरी जाऊन कुणी सांगत नाय. नाय लागला की माणूस लग्नाच्या पंगतीतसुद्धा तेच सांगत बसतो. म्हणून आमच्या गॅरेजात किस्से लई. त्या दुष्काळाच्या सालांत चिकलठाण्यात पाणी साचलं नाय, किस्से मात्र साचले.

गॅरेज आमचंच. मिस्त्री म्हणजे माझे मालक, माझा नवरा. जोडीला रफीकभाई, त्यांचा जुना दोस्त. काम एकच : जुन्या मोटारसायकलींना पुढं डिस्क ब्रेक बसवायचा. त्या मॉडेलांचे पार्ट आता मिळतात कुठं? मग एकाचं चाक, दुसऱ्याची डिस्क, तिसऱ्याचं कॅलिपर. कॅलिपर म्हणजे डिस्कला चिमट्यात धरतं ते. सोयरीक जमवायचीच गोष्ट! जमली तर संसार, नाय जमली तर दवाखाना.

* * *

गल्लीत टँकर आलेला. घागरींची लाईन लागलेली, मी लाईनीत. तेवढ्यात मिस्त्री एक गाडी ट्रायलला घेऊन आले. हँडलवरचा ब्रेक ऑइलचा पंप एका मॉडेलचा, खालचं कॅलिपर दुसऱ्याचं. पंप बारका, कॅलिपर दांडगं. लिव्हर दाबून दाबून मुठीला टेकली, तरी गाडी आपली चाललीच! घागरी उडाल्या, बाया पांगल्या आणि पुढचं चाक टँकरच्या नळाखाली जाऊन थांबलं.

कुणाला लागलं नाय. एक म्हातारी घागर उचलत ओरडली, "ए भाड्या, लाईनीत ये! मधी कुठं घुसतो?"

सगळे हसले. मी नाय हसले. ते चाक माझ्या पायाला घासून गेलं होतं.

संध्याकाळी मी गॅरेजसमोर रस्त्यावर चुन्याची रेघ मारली. म्हणलं, "आजपासून ज्यानं ब्रेक बसवला, त्यानं ह्या रेघेवर उभं राहायचं. गाडी मी आणणार. लाईटच्या पोलापाशी ब्रेक दाबणार. रेघेच्या अलीकडं थांबली तर पास."

मिस्त्री म्हणाले, "अगं, वेड लागलं का तुला?"

"लाईनीतल्या बायांना विचारलं होतं का तुम्ही?"

मी चौथीपर्यंतच शिकले, पण गाडी चारी गियरची चालवते.

* * *

रेघेवर पहिला नंबर रफीकभाईचा. मनगटातलं घड्याळ काढून मिस्त्रींच्या हातात दिलं. टोपी सरळ केली.

"भाभी, आहिस्ता!"

"आहिस्ता आणून काय कळणार?"

पोलापाशी दाबला. गाडी त्याच्या पोटापासून वीतभर अलीकडं थांबली. रफीकभाई खाली बसला.

"ब्रेक पास है भाभी," म्हणाला, "मैं फेल!"

* * *

आता जरा वेगळं सांगते. मिस्त्रींना दिसंना झालं होतं. पलीकडं फ्लॅटच्या बिल्डिंगा उठत होत्या, दिवसभर सिमेंटचा धुरळा. डोळे चोळायचे आणि म्हणायचे, "धूळ लई झालीया." दवाखान्याचं नाव काढलं की ताटावरनं उठायचे. बाहेर कळलं असतं तर संपलंच. आंधळ्याच्या हातचा ब्रेक कोण घेणार?

एकदा त्यांनी डाव्या बाजूचं कॅलिपर उजवीकडं बसवलं. बसलं झ्याक! पण ऑइलमधली हवा काढायचं निप्पल गेलं खाली. हवा कायम वर जाते, निप्पल खाली असलं तर निघणार कुठनं? अर्धा दिवस रफीकभाई लिव्हर मारतोय, ब्रेक आपला लोण्यासारखा मऊ.

मिस्त्री म्हणाले, "ऑइल खराब असेल."

पूर्वी हीच चूक त्यांनी रस्त्यावरनं जाता जाता दुसऱ्याच्या गाडीत पकडली असती. रफीकभाईनं माझ्याकडं बघितलं. मी मिस्त्रींना म्हणलं, "जेवायला चला." ते जेवत होते तेवढ्यात रफीकभाईनं कॅलिपर फिरवून निप्पल वर घेतलं, हवा काढली. परत येऊन मिस्त्रींनी लिव्हर दाबली. कडक!

"बघ," म्हणाले, "गाडीलाबी दुपारची विश्रांती लागते."

* * *

मग वकीलसाहेब आले. जुन्या गाड्यांचे शौकीन, माणूस भला, जीभ लांब. त्यांच्या गाडीच्या नव्यानं रंगवलेल्या पेट्रोलच्या टाकीवर मिस्त्रींनी ब्रेक ऑइल सांडलं. ओतायचं होतं पंपाच्या तोंडात, गेलं बाहेर. ब्रेक ऑइल रंग खातं, लगेच पाण्यानं धुवावं लागतं. वकीलसाहेब ओरडले, "पाणी! वहिनी, पाणी!"

पाणी कुठलं? टँकर परवा येणार होता. घरात एकच हंडा भरलेला. उचलला, पळत आणला, टाकीवर उपडा केला. रंग वाचला.

दारातनं सासूबाई म्हणाल्या, "मी पाणी मागितल्यावर कधी पळाली नाय अशी!"

वकीलसाहेब मात्र हसले नाय. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "वहिनी, मिस्त्रींना दिसतं ना? रविवारी आम्हाला फर्दापूरला जायचंय. घाट उतरायचाय. मागं बायको असणार."

मी म्हणलं, "तुमच्या साक्षीदारांपेक्षा जास्त दिसतं."

बोलले खरं. त्या रात्री डोळ्याला डोळा नाय लागला.

* * *

त्या गाडीला मिस्त्रींनी कुणाला हात लावू दिला नाय. एका मॉडेलची डिस्क, दुसऱ्याचं कॅलिपर, मधला पत्रा स्वतः घासून बनवलेला. डोळे मिटून, बोटांनी चाचपत बसवलं सगळं. शनिवारी हात पुसले आणि म्हणाले, "चल. आण गाडी."

वकीलसाहेब फुटपाथवर उभे. रफीकभाई दारात.

मी लिव्हर दाबून बघितली. कडक होती. पण उभ्या गाडीची लिव्हर काहीबी सांगते. लांब गेले, गाडी वळवली. मिस्त्री रस्त्यात उभे राहिलेले, हात मागं बांधून. गियर टाकला. दुसरा. तिसरा.

पोल जवळ आला तेव्हा दिसलं. रेघ त्यांच्या मागं होती. लई मागं!

नेहमीसारखा पोलापाशी दाबला असता तर गाडी त्यांच्या अंगावरनं गेली असती. पोलाच्या आधीच मी चारी बोटं लिव्हरवर आवळली. पुढचा शॉकअप खाली बसला, मागचं चाक उचललं, टायर किंचाळला.

गाडी थांबली. मडगार्ड त्यांच्या पँटीला टेकलेलं. ते तसूभर हलले नाहीत.

"गाठली का गं रेघ?" त्यांनी विचारलं.

वकीलसाहेब काहीतरी बोलायला पुढं आले. तेवढ्यात रफीकभाई चुन्याचा डबा घेऊन आला, खाली वाकला आणि मिस्त्रींच्या पायाखाली नवी रेघ मारली.

मी म्हणलं, "व्हय. बरोब्बर रेघेवर."